बिरड्याचा रोजा, खिरीचा सण : महाराष्ट्रातल्या ज्यू स्वयंपाकघरात शाकाहार कुठून आला?

ज्यू जेवण म्हटलं की बहुतेकांना हुमुस-फलाफेल आठवतं, नाहीतर न्यूयॉर्कचं सँडविच. पण महाराष्ट्रात शेकडो वर्षं राहणाऱ्या ज्यू समाजाच्या सणांची जुनी नावं पाहिली तर वेगळंच चित्र दिसतं. नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. ही नावं मराठी आहेत आणि त्यातली काही तर थेट पदार्थांची आहेत. गंमत म्हणजे खीर असो वा बिरडं, दोन्ही शाकाहारी आहेत.

हा समाज म्हणजे कोकणातले बेने इस्रायल. ते मटण खातात, मासे खातात. मग त्यांच्या सणांच्या ताटात वाल, पोहे, गव्हाचा चीक आणि नारळाचा रस इतके महत्त्वाचे कसे झाले? याचं उत्तर धर्माच्या एका नियमात आणि कोकणाच्या जमिनीत आहे.

बेने इस्रायल कोण?

बेने इस्रायल म्हणजे 'इस्रायलची लेकरं'. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हे नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही. वाचलेली माणसं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांमध्ये पसरली, मराठी बोलू लागली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी घाणा बंद असायचा. म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

गावावरून आडनावं पडली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. पुढे बरीच कुटुंबं मुंबईला गेली. तिथे १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं. अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा, ठाणे आणि पुण्यातही सिनेगॉग उभी राहिली.

या समाजाची ओळख पटली तीही स्वयंपाकघरातूनच, असं त्यांची परंपरा सांगते. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू व्यापारी कोकणात आला. शनिवार पाळणारे हे लोक ज्यू असावेत असा त्याला संशय आला. त्याने बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू धर्मात खवले-पर नसलेलं जलचर वर्ज्य आहे. रहाबीची खात्री पटली. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल वा नसेल, पण हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ विस्मरणात गेलेल्या समाजाने धर्म चुलीपाशी सांभाळला, हेच ती सांगते.

नियम काय आहे?

ज्यूंच्या आहारनियमांना 'कश्रुत' म्हणतात आणि नियमांत बसणाऱ्या अन्नाला 'कोशर'. शाकाहाराच्या दृष्टीने त्यातले तीन नियम महत्त्वाचे आहेत.

• मांस आणि दूध एकत्र चालत नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरा या धर्मग्रंथात तीनदा येते. त्यावरून मांस आणि दुधाचे पदार्थ एका जेवणात न खाण्याचा नियम झाला. काटेकोर घरांत दोन्हींची भांडीही वेगळी असतात. मटणानंतर लगेच बासुंदी किंवा दहीभात चालत नाही.

• मांस ठरावीक पद्धतीनेच कापलेलं हवं. त्यासाठी शिकलेला माणूस लागतो. त्याला 'शोहेत' म्हणतात. तो नसेल तर बाजारातलं मटण चालत नाही.

• जे ना मांस ना दूध, ते 'पार्वे'. धान्य, डाळी, भाज्या, फळं, तेल, सुकामेवा हे सगळं पार्वे. ते कशाहीबरोबर खाता येतं. अंडी आणि खवल्यांचे मासेही यातच मोडतात, म्हणून पार्वे म्हणजे आपल्याकडचं 'शुद्ध शाकाहारी' नव्हे.

हा पार्वे गट ज्यू स्वयंपाकाचा कणा आहे. मटणाच्या जेवणानंतर गोड काय द्यायचं? शोहेत नसलेल्या गावात सणाला काय रांधायचं? प्रवासात कुठे जेवायचं? अशा प्रत्येक वेळी उत्तर धान्य-भाजीकडे जातं. ज्यू धर्म शाकाहार सक्तीचा करत नाही, पण त्याचे नियम पाळणाऱ्याला चांगला शाकाहारी स्वयंपाक यावाच लागतो.

नारळाने कोडं कसं सोडवलं?

युरोपातल्या ज्यूंना दुधाचा प्रश्न छळत आला. मांसाच्या रश्शाला दाटपणा हवा, पण साय-लोणी घालता येत नाही. मग बदामाचं दूध वापरलं जायचं. ते दिसायचं मात्र खऱ्या दुधासारखं. म्हणून सोळाव्या शतकात पोलंडमधले धर्मपंडित मोशे इस्सेर्लेस यांनी सांगितलं की मांस बदामाच्या दुधात शिजवलं तर ताटाजवळ बदाम ठेवावेत. बघणाऱ्याचा गैरसमज नको.

कोकणात हे दूध परसातल्या माडावर लटकत होतं. नारळाचा रस मटणातही चालतो आणि खिरीतही. तो पार्वे आहे. त्यामुळे बेने इस्रायल घरांत गाई-म्हशीच्या दुधाची जागा बऱ्याच ठिकाणी नारळाच्या रसाने घेतली. नारळाच्या रसातलं मटण आणि त्यानंतर नारळाच्याच रसातलं गोड, असं जेवण नियमात बसतं.

तुपाचंही तेच. तूप दुधापासूनचं, म्हणून मांसाच्या जेवणात बाद. तेल मात्र पार्वे. पिढ्यानपिढ्या तेल गाळणाऱ्या समाजाला या बाबतीत वेगळा पर्याय शोधावा लागला नाही.

सणांचं ताट

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो १९३७ मध्ये तेल अवीवमधून प्रसिद्ध झाला. जुन्या सणांची मराठी नावं त्यात नोंदलेली आहेत. त्यातले काही सण आणि आजही बेने इस्रायल घरांत केले जाणारे पदार्थ असे :

नव्याचा सण आणि खिरीचा सण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यूंचं नवं वर्ष सुरू होतं. त्याला हिब्रूत रोश हशाना म्हणतात. कोकणात याच सुमारास नवं भात घरात येऊ लागतं. शेजारची हिंदू घरं 'नवं' करतात, तसा बेने इस्रायलांचा नव्याचा सण. त्याच महिन्यात खिरीचा सण येतो. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर हे त्याचं वैशिष्ट्य.

नव्या वर्षाचा खास पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा. गहू काही दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि खाली बसलेला चीक काढायचा. मग त्यात नारळाचा रस आणि साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचं. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की ताटात ओतायचं, वर बदाम-पिस्ते पेरायचे आणि वड्या पाडायच्या.

नंदुरबार-धुळ्याकडच्या वाचकाला गव्हाचा चीक नवा नाही. खानदेशात उन्हाळ्यात कुरडयांसाठी घरोघरी हाच चीक काढतात आणि शिजलेला गरम चीक वाटीत घेऊन खाणारी मुलंही तिथे भोवती असतात. कृतीचा पहिला अर्धा भाग दोन्हीकडे एकच. खानदेशात पुढे सोऱ्या येतो, कोकणातल्या ज्यू घरात नारळ.

दारफळणीचा सण आणि शिळा सण. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा, कडक उपासाचा दिवस. त्याचं जुनं नाव दारफळणीचा सण, म्हणजे दारं बंद करण्याचा. त्या दिवशी लोक घराबाहेर पडत नसत. या उपासाच्या सुमारास रवा-खोबऱ्याचं गोड सारण भरलेल्या करंज्या करतात. बेने इस्रायल घरांत त्यांना 'पुऱ्या' म्हणतात. दुसरा दिवस शिळा सण. तो दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा दिवस.

होळीचा सण. पुरीम हा ज्यूंचा आनंदाचा सण साधारण होळीच्या दिवसांत येतो, म्हणून त्यालाच होळीचा सण म्हणू लागले. ताटात पुरणपोळी.

अनाशी ढाकायचा सण. पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधलं वल्हांडण. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेची आठवण. या आठवड्यात आंबवलेलं काही चालत नाही. अनास म्हणजे आंबट कालवण ठेवायचं भांडं. ते झाकून ठेवायचं, म्हणून हे नाव. युरोपातल्या ज्यूंनी या सणात तांदूळ आणि डाळीही वर्ज्य केल्या. बेने इस्रायलांनी तांदूळ सोडला नाही. सणाच्या विधीत फळं-सुकामेव्याचा एक गोड लगदा लागतो. इथे तो खजुरापासून करतात आणि त्याला 'शिरा' म्हणतात.

बिरड्याचा रोजा. हा दुःखाचा दिवस. जेरुसलेमचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं, त्याच्या स्मरणाचा उपास. हिब्रू नाव तिशा बआव, म्हणजे आव महिन्याची नवमी. ती जुलै-ऑगस्टमध्ये येते. त्याआधीच्या दिवसांत मांस टाळायची ज्यूंची सर्वत्र प्रथा आहे आणि उपासाआधीच्या साध्या जेवणात अनेक देशांतले ज्यू मसूर खातात. मसूर गोल असतो, त्याला 'तोंड' नसतं. दुःखात माणूस अबोल होतो, तसं.

कोकणात ही जागा वालाने घेतली. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि नारळाच्या रसात शिजवायचा. दोन-तीन दिवसांचं काम. त्याच दिवसांत शेजारच्या सीकेपी घरांत श्रावणी सोमवारचं वालाचं बिरडं शिजत असतं. एका घरात व्रताचं, दुसऱ्या घरात शोकाचं.

मलिदा : पोह्यांचा नैवेद्य

बेने इस्रायलांचा सगळ्यात स्वतःचा म्हणावा असा पदार्थ मलिदा. जगातल्या इतर ज्यू समाजांत हा विधी या रूपात आढळत नाही.

'मलिदा' हा फारसी शब्द. अर्थ 'चोळलेलं, कुस्करलेलं'. मुस्लिम घरांत आणि दर्ग्यांवर पोळीचा किंवा रोटचा मलिदा होतो. बेने इस्रायलांचा मलिदा पोह्यांचा. पोहे धुऊन मऊ होऊ द्यायचे. त्यात खवलेला ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची-जायफळ, काजू, बदाम, मनुका घालायच्या. चूल पेटवायची गरज नाही, दूध-तूप नाही. ताटात त्याची रास करून भोवती खजूर, केळी, सफरचंद अशी फळं मांडतात, बहुधा पाच प्रकारची. सोबत सुगंधासाठी फुलं किंवा सब्जा.

हे ताट एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या स्मरणासाठी मांडलं जातं. लग्नाआधी, बाळ झाल्यावर, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, लांबच्या प्रवासाआधी, नवस फेडताना. प्रार्थना होते, एलियाहूंचं गीत म्हटलं जातं आणि मग प्रसादासारखं सगळ्यांना वाटलं जातं.

वाटण्याआधी प्रत्येक प्रकारच्या अन्नाचा वेगळा आशीर्वाद म्हणतात. झाडाच्या फळाचा एक, जमिनीतून उगवणाऱ्याचा दुसरा, सुगंधाचा तिसरा. इथे केळं 'जमिनीच्या' गटात जातं. कारण केळीचं खोड घड दिल्यावर मरतं, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडासारखं राहत नाही. केळीच्या बागा पाहिलेल्या कुणालाही हे वर्गीकरण पटेल.

अलिबागजवळ खंडाळे इथे एका खडकावर खुणा आहेत. त्या एलियाहूंच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या आहेत, अशी श्रद्धा आहे. झाडांचा नववर्षदिन मानला जाणारा तू बिश्वात हा सण जानेवारी-फेब्रुवारीत येतो. तेव्हा अनेक कुटुंबं तिथे जाऊन मलिदा करतात.

शाकाहारी म्हणजे आपोआप कोशर का?

नाही. हा सगळ्यात जास्त होणारा गैरसमज.

• किडे. किडा कोशर नाही. त्यामुळे मेथी, पालक, फ्लॉवर, कोबी मिठाच्या पाण्यात टाकून, पान-पान बघून घ्यावे लागतात. डाळ-तांदूळ निवडणं हाही या घरांत धर्माचा भाग होतो.

• चीज. ते घट्ट करायला काही वेळा वासराच्या पोटातला घटक वापरतात. पनीर लिंबू किंवा व्हिनेगरने फाडतात, त्यामुळे ही अडचण येत नाही. पण पनीर दुधाचं आहे, मांसाबरोबर चालणार नाहीच.

• द्राक्षाची वाईन. तिचे नियम वेगळे आणि कडक आहेत. कोशर वाईन मिळत नसल्याने बेने इस्रायलांनी काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत वापरायला सुरुवात केली. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या आशीर्वादाला ते आजही करतात.

• हिरवा ठिपका. भारतातल्या पाकिटांवरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो. त्यात दूध असू शकतं, म्हणून पार्वे आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

उलट बाजूने पाहिलं तर महाराष्ट्रातलं रोजचं बरंच जेवण घटकांपुरतं तरी पार्वे आहे. खानदेशचंच उदाहरण घ्या. कळण्याची भाकरी, तेलात केलेली शेवभाजी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, यात ना मांस ना दूध. वरण-बट्टीवर तूप ओतलं की मात्र ती 'दुधाच्या' गटात गेली. राज्यातली सिनेगॉग मुख्यतः मुंबई, ठाणे, रायगड आणि पुण्यात आहेत. तिथून दूर नोकरीनिमित्त राहणाऱ्या, नियम पाळणाऱ्या ज्यू माणसाला म्हणूनच शाकाहारी ताट हा सगळ्यात सोपा आधार वाटतो.

जगात इतरत्र काय?

हीच गोष्ट प्रत्येक देशात वेगळ्या घटकांनी घडली. रोमच्या ज्यू वस्तीत आर्टिचोक नावाची भाजी फुलासारखी उघडून तेलात कुरकुरीत तळतात. तो पदार्थ आजही 'ज्यू पद्धतीचा' म्हणूनच ओळखला जातो. इथिओपियातल्या ज्यूंचं जेवण आंबवलेल्या टेफ धान्याची इंजेरा आणि डाळींवर उभं आहे.

पूर्व युरोपात विल्ना शहरात, म्हणजे आजच्या व्हिल्नियसमध्ये, फानिया लेवांडो शाकाहारी खानावळ चालवत. चित्रकार मार्क शागालही तिथे जेवून गेले होते. १९३८ मध्ये लेवांडो यांनी यिद्दिश भाषेत सुमारे ४०० शाकाहारी पाककृतींचं पुस्तक काढलं. तीनच वर्षांत नाझी फौजा शहरात आल्या. लेवांडो त्या संहारातून वाचल्या नाहीत. पुस्तकाच्या मोजक्या प्रती राहिल्या आणि २०१५ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं. खाणारं शहर नाहीसं झालं, पाककृती उरल्या.

महाराष्ट्रात आज काय स्थिती?

इथे संहार झाला नाही. इथल्या शेजाऱ्यांकडून छळ झाला नाही, हे बेने इस्रायल आवर्जून सांगतात. पण माणसं कमी झाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून सुमारे २६ हजार ज्यू होते. इस्रायल स्थापन झाल्यावर बहुसंख्य तिकडे गेले. २०११ पर्यंत देशातला आकडा पाच हजारांच्या आत आला. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

सणांची मराठी नावं मागे पडायला त्याआधीच सुरुवात झाली होती. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यामुळे हिब्रूचं शिक्षण पोहोचलं. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मग रोश हशाना आलं, नव्याचा सण मागे गेला. तिशा बआव आलं, बिरड्याचा रोजा आजी-आजोबांच्या तोंडी राहिला.

पदार्थ मात्र नावांपेक्षा चिवट निघाले. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा इथे बेने इस्रायलांची मोठी वस्ती आहे. तिथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. तिथल्या भारतीय दुकानांत पोहे मिळतात, नारळाचा रस डब्यात येतो आणि साखरपुड्या-लग्नाला मलिद्याचं ताट मांडलं जातं.

अडचण आहे ती मेहनतीच्या पदार्थांची. मलिदा अर्ध्या तासात होतो. चिकाच्या हलव्याला आठवड्याची तयारी आणि घोटायला तीन-चार जणांचे हात लागतात. बिरड्यासाठी वाल सोलायला ओटीवर दोघी-तिघी बसाव्या लागतात. हे पदार्थ मोठ्या घरांसाठी आणि भरलेल्या आळ्यांसाठी होते. अलिबागच्या इस्रायल आळीत आज मोजकीच ज्यू कुटुंबं उरली आहेत. कृती लिहून ठेवता येते, हात लिहून ठेवता येत नाहीत.

तरीही या स्वयंपाकाची एक जमेची बाजू आहे. त्याला लागणारं सामान इथल्या प्रत्येक वाण्याकडे मिळतं. वाल, पोहे, गहू, गूळ, नारळ. आणि चीक काढणं काय किंवा वाल सोलणं काय, ती कसब अजून शेजारच्या घरांत आहेत, कोकणातही आणि खानदेशातही.